दोन बोटं ढिली गाठ

पोलीस ठाणे पिंपळटाकळी, जि. परभणी
मयत बजरंग लिंबाजी ढगे, वय ३४, याच्या अकस्मात मृत्यूच्या चौकशीकामी पुरवणी जबाब
दि. २७/०१/२०२५, सोमवार, सकाळी ११.१० वाजता

नाव कडूबाई भ्र. बन्सीधर दुधाटे, वय अंदाजे ६३ वर्षे, धंदा शेती व घरकाम, शिक्षण दुसरी, रा. बोरखडी, जि. परभणी.

मी आपल्या पायानं ठाण्यात आले, मला कोणी बोलावलं न्हाई. जमादार तात्याराव यांनी विचारल्यावरून समक्ष सांगते की, दि. २० तारखेला सोमवारी सकाळी सरकारी दवाखान्यात पहिली आली ती माझी व्याहीण चांगुणाबाई. पालमहून पहिल्या एस.टी.नं आली, आठ वाजायच्या आत. हातात जिलबीचा पुडा होता. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलबी, ही आपल्याकडची रीत, त्याचं काही न्हाई. पण पुडा अर्ध्या किलोचा. नातू असता तर दोन किलो आले असते. खाटेजवळ आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "पोरगीच झाली म्हणा की, कडूबाई." मी म्हणले, "विहीणबाई, तुमच्या पोराच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या आत झाली, एवढं लय झालं." तिला बी हसू आलं. मग तिनंच नातीच्या तळपायाला काजळाचं बोट लावलं.

जमादार म्हणायलेत की जखमीला घेऊन पहिलं कोण आलं, ते विचारलं होतं. त्याला अजून दोन तास हायेत. फौजदार साहेबांनी आतून सांगितलंय, बाई जसं सांगंल तसं उतरवा, कागद दवाखान्याच्या चौकशी समितीला जायचाय. म्हणून सगळं सांगते.

माझी मुलगी सविता, वय ३१, तिला लग्नाला नऊ वर्षं झाली. मधी दोन खेपा तीन-तीन महिन्यांच्या होऊन गेल्या. ही तिसरी. बाळंतपणाला माहेरी आणली आणि इथल्या सरकारी दवाखान्यात नाव घातलं. दि. २० ला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मोकळी झाली. पोरगी दोन किलो आठशे भरली. वजन करणारे दत्तराव तिथले शिपाई हायेत, ते म्हणाले, "आजी, काटा बरोबर हाय, तुमीच परत बघा." मी दोनदा बघितलं. आकडे मला येतात. केस एवढे काळे की टाळू दिसंना. बाळंतपण डॉ. अर्पिता मॅडमनं केलं. त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या असतील, गेल्या पावसाळ्यात आल्या. दुसऱ्या डॉक्टरची जागा खाली हाय, ती मी बघितली तवापासून खालीच हाय. रातभर जागी होती ती पोरगी. तरी नातीला माझ्या हातात देताना म्हणाली, "आजी, नाक तुमचं घेतलंय, बोलणं तुमचं घेऊ नये म्हणजे झालं." त्या दिवशी मला कोणी काही बोललं असतं तरी गोड लागलं असतं.

माझं नाव कडू का, तर माझ्या आईची आधीची तीन लेकरं गेली. चौथं राहावं म्हणून कडू नाव ठेवलं, मरणानं तोंडात धरलं तरी थुंकून टाकावं म्हणून. जमादार म्हणाले ह्याची गरज न्हाई. पण पुढं मला ज्याचं भ्या वाटलं ते ह्याच्यातलंच हाय, म्हणून राहू द्या.

आणखी एक लिहा. लेकराला पहिलं कापड नवं घालत न्हाईत, जुनं मऊ लुगडं लागतं. माझं हिरवं सुती लुगडं मी पिशवीत घालूनच आणलं होतं. पहाटे ते मधोमध फाडलं. अर्ध्यात नातीला गुंडाळलं. अर्धं उशाला ठेवलं.

सकाळी दहा वीसच्या सुमाराला एक पिकअप गाडी दवाखान्याच्या पायरीला येऊन लागली. मागं पोत्यांवर बजरंग ढगे याला आडवं घातलेलं होतं. सोबत त्याची बायको बबिता आणि मोठा भाऊ माणिकराव. गाडीवाल्याचं नाव मला माहीत न्हाई. बजरंग ट्रॅक्टरवर होता, ऊस भरून निघाला होता. गंगाखेडकडच्या कुठल्या तरी शिवारात दोन ट्रॉल्या एकमेकीला जोडायला म्हणून मधी उभा राहून पिन घालत होता, आणि मागची भरली ट्रॉली उतारानं सरकली. दोन्हीच्या मधी दाबला. हे माणिकरावनं माझ्यासमोर मॅडमला सांगितलं. ट्रॅक्टर कुणाचा, ट्रॉलीच्या चाकाला उटी म्हणून दगड लावला होता का न्हाई, ते मी बघितलेलं न्हाई.

त्याच्या अंगावर रक्त होतं का, असं विचारल्यावरून सांगते की, न्हाई. पॅन्टला चिखल आणि उसाचं पाचट होतं. रक्ताचा एक थेंब न्हाई. माणूस शुद्धीवर होता, पाणी मागत होता. चेहरा मात्र भिंतीला दिलेल्या चुन्यासारखा. माणिकराव म्हणाला, "मॅडम, हाड सरकलंय त्याचं. एक्सरे काढा, पट्टा घाला, आमी नेतो." मॅडमनं त्याच्या खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी हात लावला, एकदाच, आणि काढून घेतला. दत्तराव बी दाबून बघायला लागले तर म्हणाल्या, "परत कोणी दाबायचं नाही. हलवायचं नाही." मग दोन्ही हातांना सुया लावल्या, एक इंजेक्शन दिलं. बी.पी.च्या मशीनवर वरचा आकडा ऐंशी आला. त्या म्हणाल्या, "रक्त जातंय ह्याचं." माणिकराव म्हणाला, "कुठं जायलंय? मला तर दिसंना." मॅडम म्हणाल्या, "आत जातंय. दिसलं असतं तर बरं झालं असतं."

मी तिथं कशी, असं विचारल्यावरून सांगते की, सिस्टर एकच होती आणि ती बाळंतखोलीत दुसऱ्या बाईपाशी होती. दत्तराव ऑक्सिजनची नळकांडी आणायला गेले. मी व्हरांड्यात गाडीवाल्याला जिलबी देत होते. मॅडमनं दारातून हाक मारली, "आजी, इकडं या, हात द्या." मी हातातला पुडा गाडीवाल्याकडंच ठेवून आत गेले.

मॅडमनं पलंगावरची चादर ओढली, तिची हातभर रुंद घडी केली आणि मला म्हणाल्या, "ही खालून सरकवू, कंबर आवळून बांधायची." आता बांधायचं म्हणलं तर मला कोणी शिकवायची गरज न्हाई. माझी सासू सुईण होती, तिच्या हाताखाली मी गावात चाळीसएक बाळंतपणं केली. बाळंतिणीचं पोट मीच बांधायची. मी चादर घेतली आणि बाळंतिणीला घेतात तशी बेंबीखाली घेतली. मॅडम म्हणाल्या, "तिथं नाही, खाली." मी म्हणले, "मॅडम, कंबर म्हणजे हीच की." त्यांनी माझा हात धरून त्याच्या मांडीच्या वर बाजूला जे हाड लागतं त्याच्यावर ठेवला. म्हणाल्या, "हा खुबा. ह्या खुब्यापासून त्या खुब्यापर्यंत. माझंच चुकलं, मी कंबर म्हणाले." एवढ्या घाईत बी ती पोरगी माझंच चुकलं म्हणाली, हे लिहून घ्या.

दत्तराव परत आले. त्यांनी एक पदर ओढला, मी एक ओढला, मॅडमनं गाठ मारली. बजरंग ओरडला आणि मग एकदम गप झाला. मी घाबरले. तर तो डोळे उघडून म्हणाला, "आता जरा बरं वाटायलंय." मशीनवर वरचा आकडा शहाण्णव झाला. मॅडमनं मला सांगितलं की, तिथलं हाड कड्यासारखं असतं. कडं फाकलं की आत जागा होते आणि सगळं रक्त त्या जागेत उतरतं. कडं बाहेरून आवळून धरायचं, म्हणजे जागा कमी राहते. परभणीला रक्त मिळेपर्यंत एवढंच आपल्या हातात हाय. गाठ घट्ट होती. त्या गाठीत माझी करंगळी गेली नसती. हे मी शपथेवर सांगते, ह्याच्यासाठीच मी आले.

मग मॅडमनं त्याची पावलं आत वळवून दोन्ही पाय एकाला एक लावले. पाय बाहेर पडले की कडं परत फाकतं, म्हणून ते बी बांधायचे होते. पट्ट्यांच्या कपाटाची किल्ली औषधवाल्याकडं, तो परभणीला ट्रेनिंगला. मॅडम म्हणाल्या, "मऊ कापड आहे का काही?" मी उशाचं अर्धं लुगडं आणून दिलं. मीच दिलं, त्यांनी मागितलं न्हाई. त्याची पट्टी फाडून त्यांनी घोट्यापाशी बांधली. दारातून माणिकराव बघत होता. पागोट्याचा शेमला चावत होता. मग मॅडमनं वरून ब्लँकेट घातलं, असा माणूस गार पडू द्यायचा नसतो म्हणाल्या.

रक्ताचं विचारल्यावरून सांगते की, दवाखान्यात रक्त ठेवायचा फ्रीज हाय. दोन वर्षं झाली येऊन. लाईट टिकत न्हाई म्हणून त्यात रक्त ठेवायची परवानगी न्हाई, असं दत्तराव सांगतात. तो चालू असतो, आत दिवा लागतो, मी बघितलाय. १०८ ची गाडी साप चावलेल्या एका बाईला घेऊन नांदेडला गेली होती. यायला पाऊण तास. पिकअपमधी न्या, असं माणिकराव म्हणाला, तर मॅडम म्हणाल्या, "त्या रस्त्यानं पिकअपमध्ये नेलं तर गाठ राहणार नाही आणि तोही राहणार नाही." दवाखान्यात आत फोन लागत न्हाई. गेटाबाहेर पानपट्टीपाशी लागतो. परभणीला रक्त काढून ठेवा म्हणून सांगायला आणि गाडी कुठवर आली ते विचारायला मॅडम गेटाकडं गेल्या. तेव्हा दहा पन्नास झाले होते. जाताना मला म्हणाल्या, "आजी, इथून हलू नका. कोणाला हात लावू देऊ नका." माणिकराव त्यांच्या मागं गेला. दत्तराव सिस्टरकडं गेले. खोलीत मी एकटी.

ह्याच्या पुढचं मी दि. २१ च्या पहिल्या जबाबात सांगितलं न्हाई. तिथं "बांधताना मी होते, पुढचं मला माहीत नाही" असं लिहिलेलं हाय. ते खोटं हाय. पुढचं मला माहीत हाय.

बबिता आत आली. तिला आधी कोणी आत घेतलं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या पायाला हात लावायला म्हणून खालचं ब्लँकेट सारलं. पाय जुळवून बांधलेले, अंगठ्याला अंगठा. आपल्याकडं असं कधी बांधतात ते जमादारांना सांगायला नको. ती ओरडली न्हाई, रडली बी न्हाई. हळूच म्हणाली, "मावशी, ह्यो जिता हाय की." मी तिला म्हणले, "मॅडमनं बांधलंय बाई, औषधाचं हाय ते." तिनं मान हलवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात चांगुणाबाई मला शोधत दारात आली. तिनं पाय बघितले, मग ते हिरवं कापड बघितलं. म्हणाली, "कडूबाई, पोरीला गुंडाळलंय ते बी ह्याचंच ना?"

एवढंच म्हणाली आणि गेली.

मी तुमाला खरं सांगते. बबिता जे म्हणाली त्यानं माझं मन हललं नव्हतं. चांगुणाबाई म्हणाली त्यानं हललं. एका लुगड्याचे दोन तुकडे. एक माझ्या नातीच्या अंगाला, एक जित्या माणसाच्या बांधलेल्या पायाला. नऊ वर्षांनी आलेलं लेकरू, सहा तासांचं, तीन खोल्या पलीकडं. मला दुसरं काही दिसंना. मी गाठ सोडली. पट्टी काढून घेतली आणि ओच्यात खोवली. पाय दोन्ही बाजूंना पडले.

बजरंग कण्हायला लागला. म्हणाला, "मावशी, वरचं बी सोडा, दम कोंडायलाय." मी म्हणले, ते न्हाई सोडत बाबा. तो परत म्हणाला. सुईणपणात सासूनं मला शिकवलेलं, बाळंतिणीचा पट्टा दोन बोटं ढिला ठेवावा, म्हणजे तिला श्वास घेता येतो, चार घास खाता येतात. मी चादरीची गाठ सैल केली आणि दोन बोटं घालून बघितली. दोन बोटं बरोबर गेली. मला वाटलं, मी त्याला सुख दिलं. तो बी म्हणाला, "आता ठीक हाय मावशी." ब्लँकेट मी होतं तसं वर घातलं.

बबितानं सांगितलं म्हणून सोडलं का, असं जमादारांनी दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा सांगते, न्हाई. ती सोडा म्हणाली न्हाई. ह्यो जिता हाय म्हणाली, ते तर खरंच होतं. तिचं नाव ह्याच्यात घालू नका. जमादार म्हणायलेत जे सांगितलं ते सगळं लिहावं लागतं. मग हे बी लिहा की ती भिंतीपाशी उभी होती आणि तिनं कशाला हात लावला न्हाई.

अकरा पाचला मॅडम धावत आल्या. मशीन बघितली, वरचा आकडा सत्तर. त्यांनी मला विचारलं, "आजी, कोणी हात लावला नाही ना?"

मी म्हणले, न्हाई.

त्यांनी ब्लँकेटला हात घातलाच होता. तेवढ्यात बाळंतखोलीतून सिस्टरनं हाक मारली, त्या बाईच्या लेकराचं डोकं बाहेर आलं होतं आणि अडलं होतं. मॅडम तिकडं पळाल्या. ते लेकरू वाचलं, मुलगा हाय, त्या बाईचं नाव मी विचारलं न्हाई. मॅडम परत आल्या तर गाडी पायरीला लागली होती, वेळ अकरा पंचवीस. त्यांनी दुसरी बाटली लावली. चिठ्ठीवर लिहिलं, वाचून बी दाखवलं गाडीतल्या डॉक्टरला, की खुब्यावर चादर बांधली, पाय बांधले, वेळ दहा पस्तीस. ब्लँकेटसकट उचलून गाडीत घेतलं. मी पायरीवर उभी होते. माझ्या ओच्यात ती पट्टी होती. तोंड उघडलं असतं तर गाडीत बांधता आलं असतं. मी उघडलं न्हाई. मला त्या दिवशी वाईट बोलायचं नव्हतं.

पिकअपवाल्यानं पुडा परत आणून दिला. चार जिलब्या उरल्या होत्या. मी त्या सिस्टरला दिल्या.

बजरंग परभणीला पोचायच्या आधी गेला. बारा पन्नासला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तिथल्या कागदावर लिहिलंय की चादर ढिली, पाय मोकळे. हे मला दत्तरावांकडून कळलं.

दि. २१ ला दुपारी माती झाल्यावर तीस-चाळीस माणसं दवाखान्यात आली. काचा गेल्या. मॅडमला आमी सवितेच्या खाटेमागं उभं केलं. माणिकराव दारात उभा राहून म्हणाला, "माझ्या भावाला मुडद्यासारखं बांधलं आणि बांधलं ते बी ढिलं." दोन्ही गोष्टी एका दमात म्हणाला. मी नातीला मांडीवर घेऊन बसले होते, ती जागी झाली न्हाई. त्याच संध्याकाळी तुमचा शिपाई जबाब घ्यायला आला, तेव्हा मी मघाशी सांगितलं ते खोटं लिहून दिलं.

ती पट्टी कुठं हाय, असं विचारल्यावरून सांगते की, दि. २२ ला अंघोळीला म्हणून घरी गेले तेव्हा चुलीत घातली. नातीखालचा तुकडा बी काढला आणि घातला. सवितेला सांगितलं, खराब झालं होतं.

पोरीला थोडी कावीळ होती म्हणून आमाला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. दि. २४ ला शुक्रवारी समितीचे तीन साहेब परभणीहून आले. त्याच दिवशी आमची पाचवी होती. मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाकडं दारापाशी हाय. एका साहेबानं विचारलं, "तुम्ही घट्ट बांधलं होतं?" त्या म्हणाल्या, "हो." साहेब म्हणाले, "मग तिथं पोचली तेव्हा ढिली कशी?" मॅडम म्हणाल्या, "माझ्या हातून राहिली असेल. मी परत बघितली नाही." साहेबांनी ते लिहून घेतलं. त्यांना माहीत होतं का की मी सोडली, असं जमादार विचारायलेत. मला माहीत न्हाई. त्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि "बाळ दूध पितंय का" विचारलं, रोज विचारायच्या तसं.

साहेब बाहेर आले. एकानं फ्रीज उघडून बघितला, लावला. दुसरे माझ्याजवळ थांबले, म्हणाले, "काय आजी, नातू का नात?" मी म्हणले, "नात हाय साहेब, नऊ वर्षांनी." मी पदर बाजूला करून पोरगी दाखवली. ते म्हणाले, "छान आहे, लक्ष्मी आली." मी हसले. त्यांनी मला दुसरं काही विचारलं न्हाई आणि मी सांगितलं न्हाई. मी पोरगी दाखवली.

शनिवारी सकाळी मॅडम बॅग घेऊन गेल्या. रजेवर पाठवलं म्हणतात. त्यांच्या जागी कोणी आलेलं न्हाई. त्याच शनिवारी साडेअकराला मोटारसायकलवरून पडलेल्या एका माणसाला आणलं. जीपमधी आडवा होता. एक पाय बाहेर वळलेला, रक्त कुठं दिसंना, चेहरा चुन्यासारखा. सिस्टर बघून आली आणि परभणीची चिठ्ठी लिहिली. चादर बांधा असं दत्तराव म्हणाले, तर ती म्हणाली, "बांधणाऱ्याचं काय झालं बघितलं ना, मामा? मला दोन लेकरं हायेत." तिचं बी चुकलं म्हणता येत न्हाई. जीप तशीच वळवली. मी बाकड्यावर बसले होते. खुबा कुठं असतो ते मला माहीत होतं. किती आवळायचं ते माहीत होतं. मी उठले न्हाई. त्या माणसाचं पुढं काय झालं, तो कोण, कुठला, मला ठाऊक न्हाई. कोणाला विचारावं ते बी ठाऊक न्हाई. त्या रात्री पोरगी लय रडली, पोटात दुखत असंल, दुसरं काही नसंल.

गाठ घट्ट राहिली असती तर बजरंग वाचला असता का, असं मीच जमादारांना विचारलं. ते म्हणाले, ते कोणी सांगू शकत न्हाई, रक्तच नव्हतं तर कशावर वाचला असता. हे त्यांनी माझ्या बऱ्यासाठी सांगितलं. पण मशीनवर शहाण्णव होते आणि मग सत्तर झाले, हे मी बघितलंय. आकडे मला येतात.

हा जबाब दिल्यावर तुमच्यावर येईल, असं जमादारांनी समजावून सांगितलं. मला समजलं. माझं म्हणणं एवढंच हाय की गाठ मॅडमनं घट्ट मारली होती, ती मी सोडली, आणि विचारल्यावर मी न्हाई म्हणले. ह्या तीन ओळी ठळक लिहा. बाकीचं, नाकाचं, केसांचं, जिलबीचं, जमादारांना खोडायचं असंल तर खोडा. ते म्हणाले राहू द्या. सवितेला ह्यातलं काही माहीत न्हाई. तिला दूध येतंय, तोवर तिच्या कानावर घालू नका.

वरचा जबाब जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरलाय, त्यात कमी न्हाई, जास्त न्हाई. सही मला येते, वेळ लागतो, म्हणून अंगठा न देता सही करते.

कडूबाई

समक्ष, तात्याराव, जमादार.

सही झाल्यावर जमादारांनी विचारल्यावरून आणखी सांगते की, समितीपुढं मी हेच सांगीन. शुक्रवारी जाताना ते साहेब गाडीत बसून दत्तरावांना म्हणाले होते, गुरुवारी परत येतो. कोणत्या गुरुवारी, ते दत्तरावांनी विचारलं न्हाई.